दोन लाद्यांची जागा: पाळीव सरड्याचं घर केवढं हवं?

ठाणे-नवी मुंबईतल्या अलीकडच्या इमारतींमध्ये हॉलला बहुधा दोन बाय दोन फुटांची व्हिट्रिफाइड लादी असते. खाली बसा आणि शेजारशेजारच्या दोन लाद्यांवर हात फिरवा. चार फूट लांब, दोन फूट रुंद. पूर्ण वाढ झालेल्या एका बिअर्डेड ड्रॅगन जातीच्या सरड्याला कमीत कमी एवढी जमीन लागते. ही जागा पुढची दहा-बारा वर्षं त्याला देता येणार असेल तर पुढे वाचा. येणार नसेल तर लहान प्राण्याचा विचार करा, किंवा सध्या थांबा.

मी ऐरोलीत राहते. वन बीएचके आहे आणि त्यात आमचा खंडू नावाचा बिअर्डेड ड्रॅगन आहे. खंडू आणला तेव्हा नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पंधरा सेंटिमीटर होता. विकणाऱ्याने सोबत दोन फुटी काचेची टाकी दिली आणि "आयुष्यभर पुरेल" असं सांगितलं. मी विश्वास ठेवला. सात महिन्यांत तो बेचाळीस सेंटिमीटर झाला. वळायचं म्हटलं की शेपूट काचेला अडायची. दिवसभर पुढच्या काचेवर पंजे घासत उभा राहायचा, आणि नाकाच्या शेंड्यावरचे खवले झिजून तिथे गुलाबी चट्टा पडला. तो चट्टा पाहून मी टेप घेऊन बसले. त्या दिवसापासून जे शिकले ते इथे पायरी-पायरीने लिहिते आहे.

आधी कायदा, मग टेप

आपल्याकडचे रानातले सरडे पाळायचे नाहीत. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि आपल्या देशी शॅमेलिऑनलाही कायद्याचं संरक्षण आहे. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, त्यामुळे तिथून काहीही उचलून आणणं हा सरळ गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांपैकी जे साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) करारानुसार कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतात, त्यांची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० पोर्टलवर करावी लागते. प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांच्या आत ही नोंद व्हायला हवी. हिरवा इग्वाना या यादीत आहे.

लेपर्ड गेको, म्हणजे एक प्रकारची पाल, घेताना जास्त काळजी घ्या. त्याचे जवळचे भाऊबंद महाराष्ट्रात रानात राहतात, आणि रानातून पकडलेला जीव "ब्रीडिंगचा आहे" म्हणून खपवला जाऊ शकतो. पक्कं बिल आणि प्राणी कुठून आला याचा कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. शंका आली तर वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा.

पायरी पहिली: पिल्लू मोजू नका, त्याचा बाप मोजा

दुकानात दिसतं ते पिल्लू. घर घ्यायचं ते मोठ्या प्राण्याचं. बिअर्डेड ड्रॅगन अंड्यातून बाहेर येतो तेव्हा साधारण दहा सेंटिमीटरचा असतो, आणि वर्ष-दीड वर्षात पंचेचाळीस ते साठ सेंटिमीटरपर्यंत जातो. लेपर्ड गेको वीस-पंचवीसवर थांबतो. हिरव्या इग्वानाचं पिल्लू वीतभर असतं. त्याचा नर पाच फुटांच्याही पुढे जाऊ शकतो, त्यातली दोन तृतीयांश शेपूट असली तरी.

"टाकी जेवढी, तेवढाच तो वाढतो" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. ते खोटं आहे. काचेचं माप पाहून कुठल्याही प्राण्याची हाडं वाढायची थांबत नाहीत. लहान टाकीतला सरडा खुजा राहिला असेल, तर त्याला ऊब, अतिनील प्रकाश, खाणं यांपैकी काहीतरी कमी पडलंय किंवा तो सतत ताणाखाली आहे.

माप काढायचा माझा हिशेब असा. जमिनीवर राहणाऱ्या सरड्याची पूर्ण वाढ झाल्यावरची लांबी धरा, शेपटीसकट. घराची लांबी निदान त्याच्या दुप्पट आणि रुंदी निदान तेवढीच. साठ सेंटिमीटरच्या ड्रॅगनला म्हणून एकशे वीस बाय साठ. ही खालची मर्यादा आहे. पाच-सहा फूट देता आले तर तो ते सगळे वापरतो.

पायरी दुसरी: लांबी कशासाठी, हे समजून घ्या

ही पायरी घाईने वाचू नका. बाकीचं सगळं हिच्यावर उभं आहे.

सरडा स्वतःची ऊब स्वतः तयार करत नाही. गरम व्हायचं असेल तर गरम जागी जातो, निवायचं असेल तर गार जागी. म्हणून त्याच्या घरात एक टोक तापलेलं आणि दुसरं टोक गार असावं लागतं. बिअर्डेड ड्रॅगनला दिव्याखालच्या दगडावर ३८ ते ४२ अंश सेल्सिअस लागतात, आणि दुसऱ्या टोकाला २४ ते २८. अन्न पचवायला त्याला ऊब लागते, आणि जिवावर बेतू नये म्हणून गारवा.

दिव्याच्या उबेचं वर्तुळ साधारण फूटभर व्यासाचं पडतं. दोन फुटी टाकीत ते ठेवलं की पलीकडे उरतो जेमतेम एक फूट, आणि काचेच्या त्या लहान पेटीत गरम हवा भरून तोही अर्ध्या तासात तापतो. मे महिन्यातल्या एका दुपारी खंडूच्या जुन्या टाकीत मी दोन थर्मामीटर ठेवले होते. दिव्याखाली ४४, पलीकडच्या कोपऱ्यात ३९. तो त्या कोपऱ्यात तोंड उघडून, पोट जमिनीला टेकवून पडला होता. पळायला जागाच नव्हती. मी दिवा बंद केला, पंखा लावला, तासाभराने तो हलला. चार फुटी घर झाल्यावर त्याच खोलीत, तशाच उन्हाळ्यात गार टोक खोलीच्या तापमानाच्या वर गेलं नाही.

खोलीच्या तापमानाच्या खालीही ते जाणार नाही, हे मात्र आपल्या भागात लक्षात ठेवा. बाहेर पस्तीस असताना आतलं गार टोक अठ्ठावीस करायला एसी किंवा युक्ती लागते. माझी युक्ती साधी आहे. एप्रिल-मे महिन्यांत उबेचा दिवा सकाळी सात ते अकरा लावते, दुपारी बंद ठेवते, कमी वॉटचा बल्ब वापरते आणि खोलीतला पंखा चालू ठेवते. जानेवारीत तोच दिवा जास्त वेळ चालतो.

पायरी तिसरी: रुंदी आणि उंची

मत्स्यालयाच्या दुकानात "चार फुटी टाकी" मागितली तर लांबी चार फूट मिळते, पण रुंदी बहुधा सव्वा किंवा दीड फूटच असते. माशाला चालतं. सरड्याला वळताना अख्खं शरीर फिरवावं लागतं. त्यामुळे दुकानात लांबीइतकीच रुंदीही विचारा.

उंची दोन कारणांनी लागते. झाडावर चढणाऱ्या प्राण्याला ती थेट राहायला लागते. जमिनीवरच्या प्राण्याला ती दिव्यासाठी लागते. तळाला दोन-तीन इंच माती किंवा लादी, त्यावर बसायचा दगड किंवा ओंडका, त्यावर प्राणी, आणि त्याच्या पाठीपासून अतिनील ट्यूबपर्यंत (उन्हातले अतिनील-ब किरण देणाऱ्या दिव्यापर्यंत) फूटभर अंतर, अशी बेरीज केली की दीड फुटाची टाकी तोकडी पडते. ट्यूब फार जवळ आली तर डोळ्यांना त्रास होतो, फार लांब गेली तर हाडं ठिसूळ होतात. दोन फूट उंचीत हे सगळं नीट बसतं.

खिडकीच्या काचेतून येणारं ऊन या ट्यूबचं काम करत नाही. साधी काच जवळपास सगळे अतिनील-ब किरण अडवते, ऊब मात्र आत सोडते. काचेची पेटी उन्हात ठेवणं म्हणजे प्राणी भट्टीत ठेवणं.

कोणाला किती

बिअर्डेड ड्रॅगन: चार बाय दोन बाय दोन फूट. सरळ दोन लाद्या. हा आपल्या कुंपणावरच्या सरड्याच्याच कुळातला, मूळ ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला. माणसाळतो, दिवसा जागा असतो, नवख्यांनी सुरुवात करायला मला हाच सर्वांत योग्य वाटतो.

लेपर्ड गेको: तीन बाय दीड बाय दीड फूट. घरातली पाल काचेवर सरसर चढते, तशा चिकट गाद्या याच्या बोटांना नसतात, त्यामुळे उंचीपेक्षा जमीन महत्त्वाची. तीन लपायच्या जागा बसल्या पाहिजेत: गरम टोकाला एक, गार टोकाला एक, मधे ओलसर शेवाळ भरलेली एक. त्या ओलसर डब्यात तो कात टाकतो. तीन डबे ठेवून उरलेल्या जागेत तो चालू शकतो का, हे टाकी घेण्याआधी कागदावर काढून बघा. पंधरा-वीस वर्षं जगतो. आज दहावीत असलेल्या मुलाचा हट्ट पुरवताना हे गणित घरात सगळ्यांनी मिळून करा.

ब्लू टंग स्किंक (निळ्या जिभेचा, सापसुरळीच्या कुळातला): ड्रॅगनइतकंच, चार बाय दोन. उंची थोडी कमी चालते.

क्रेस्टेड गेको: दीड बाय दीड फूट आणि उंची दोन फूट. पेटी लहान लागते म्हणून वन आरकेवाल्यांना हा सोयीचा वाटतो. पण हा न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा, अठ्ठावीस अंशांच्या वर त्याला सोसत नाही. ठाण्यात चोवीस तास एसी चालवणार असाल तरच घ्या. मी घेणार नाही.

हिरवा इग्वाना: कमीत कमी सहा फूट लांब, तीन फूट रुंद, सहा फूट उंच. साडेचार लाद्या, आणि वर जवळजवळ पंख्यापर्यंत. आपल्या फ्लॅटमध्ये हे घर नव्हे, खोली आहे. वयात आलेला नर आक्रमक होऊ शकतो, शेपटीचा फटका आणि चावा दोन्ही जोरात बसतात. वीतभर पोपटी पिल्लू पाहून कितीही मोह झाला तरी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि आधीच घेतला असेल, सांभाळणं जमत नसेल, तर येऊरला किंवा खाडीकाठी सोडून देऊ नका. अमेरिकेतल्या फ्लोरिडात अशाच सुटलेल्या इग्वानांचा मोठा प्रश्न झाला आहे. वन विभागाशी बोला.

एका घरात दोन ठेवू का, असं पुष्कळ जण विचारतात. नको. ड्रॅगन एकटा राहणारा प्राणी आहे. एकमेकांना चिकटून बसलेले दोघे आपल्याला प्रेमळ वाटतात, प्रत्यक्षात वरचा खालच्याचा दिवा अडवत असतो.

पायरी चौथी: लादीवर आखून आठवडाभर जगा

रंगाऱ्याकडची मास्किंग टेप आणा. जिथे घर ठेवणार तिथे लांबी-रुंदी जमिनीवर चिकटवा. मागे भिंतीपासून दोन इंच सोडा, कारण वायर आणि प्लग तिथूनच जाणार. पुढे माणूस उकिडवा बसेल एवढी जागा ठेवा. मग आठवडाभर त्या चौकटीत पाय न ठेवता राहा. केर काढताना, कपड्यांचा स्टँड उघडताना, पाहुणे आल्यावर गादी घालताना काय होतं ते कळतं. आमच्याकडे तिसऱ्याच दिवशी लक्षात आलं की बेडरूमचं दार चौकटीवर येतं. सोफा सरकवावा लागला. ते पेटी आल्यावर कळलं असतं तर फार जड गेलं असतं.

जागा निवडताना बाल्कनी पहिल्यांदा बाद करा. ऊन, पावसाची झड, कावळे, मांजरं, सगळंच तिथे आहे. स्वयंपाकघरही बाद: फोडणीचा धूर त्याच्यासाठी वाईट, आणि सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, तो आपल्यासाठी वाईट. पेटी जमिनीवर न ठेवता कमरेइतक्या उंच टेबलावर ठेवा. वरून येणारा हात त्याला घारीसारखा वाटतो. समोरून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून आलेला हात त्याला लवकर ओळखीचा होतो.

पायरी पाचवी: काच की प्लाय

तयार काचेची टाकी लगेच मिळते, धुवायला सोपी जाते. तीन फुटांपर्यंत, म्हणजे लेपर्ड गेकोसाठी, मी काचच घेईन, वरचं झाकण स्टीलच्या जाळीचं. चार बाय दोन बाय दोनला मात्र सुताराकडून करून घेतलेली पेटी बरी पडते.

आमच्या मिस्त्रींना मी माप सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, एवढ्या मापात चपलांचं कपाट होतं. दार खालपर्यंत करू का?" मी म्हटलं, "मामा, दार नको, पुढे दोन सरकत्या काचा हव्यात, आणि यात जनावर राहणार आहे." त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, पुठ्ठ्यावर आकृती काढली आणि मग जे सांगितलं ते मी विसरणार नाही: "मग एकाच शीटमध्ये बसतंय तुमचं. तुकडासुद्धा वाया नाही."

खरंच बसतं. प्लायची शीट आठ बाय चार फुटांची येते. तिचे चार बाय दोनचे चार तुकडे पडतात. एक तळ, एक छत, एक पाठ. चौथा मधोमध कापला की दोन बाय दोनच्या दोन बाजू. करवतीच्या कापात आणि प्लायच्या जाडीत आतून इंच-दीड इंच जातो. त्याने बिघडत नाही.

प्लाय अठरा मिलिमीटरची, मरीन, आयएस ७१० शिक्का पाहून घ्या. मिस्त्री लोक नुसतं "सातशे दहा" म्हणतात. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत साधी कमर्शिअल प्लाय दोन पावसाळ्यांत फुगते. आतून सनमायका लावून घ्या म्हणजे ओल्या फडक्याने पुसता येतं. सांधे सिलिकॉनने बंद करा. आणि हे सगळं झाल्यावर पेटी निदान दोन आठवडे उघडी ठेवा. नाक आत घातल्यावर फेव्हिकॉलचा, सनमायकाचा, सिलिकॉनचा कसलाही वास येता कामा नये.

हवेसाठी दोन झरोके: गार बाजूला खाली, गरम बाजूला वर. तापलेली हवा वरून निघून जाते आणि खालून ताजी ओढली जाते. झरोक्यांना स्टीलचीच जाळी लावा. खायला दिलेले रातकिडे नायलॉनची जाळी कुरतडून बाहेर पडतात आणि रात्री सोफ्याखालून किर्र करतात. दिव्यालाही जाळीचा पिंजरा हवा, नाहीतर उडी मारून प्राणी भाजतो.

वजनाचा अंदाज घ्या. नुसती शीट पस्तीस किलोच्या पुढे, पुढच्या काचा नऊ-दहा किलो, मग माती, दगड, लाद्या. साठ किलो सहज होतात. म्हणून टेबल भक्कम हवं, आणि जोडलेली पेटी लिफ्टमध्ये आणि मुख्य दारातून आत येते का हे आधी मोजा. शंका असेल तर मिस्त्रींना घरी बोलावून जागेवरच जोडून घ्या.

पिल्लासाठी लहान टाकी घेऊन नंतर बदलली तर?

पिल्लाला मोठ्या घरात भीती वाटते, किडे सापडत नाहीत, असं सांगतात. रिकाम्या मोठ्या घरात हे खरं आहे. घर रिकामं ठेवू नका. फांद्या, दगड, कौलाचे तुकडे, लपायला दोन-तीन जागा ठेवा आणि किडे वाडग्यात द्या. तरीही वाटलं तर पेटीत सरकणारी आडवी फळी बसवा आणि दर महिन्याला ती मागे सरकवत जा. दोनदा खर्च करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि प्राण्याला घर बदलल्याचा धक्काही बसत नाही.

पायरी सहावी: प्राणी आणण्याआधी रिकामं घर चालवा

दिवे लावून, सगळं सामान ठेवून, चार-पाच दिवस रिकामी पेटी चालवा. दोन्ही टोकांना प्रोबवाले डिजिटल थर्मामीटर, मधे आर्द्रता दाखवणारं मीटर. बसायच्या दगडाचं तापमान बंदुकीसारख्या इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री दहा अशा वेळा ठरवून वहीत लिहा.

शक्य असेल तर ही चाचणी जुलैत करा. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते आणि ड्रॅगनला तीस-चाळीस टक्क्यांची सवय असते. उबेच्या दिव्याने पेटीतली हवा थोडी कोरडी होते, पण मोठी पेटी आणि उघडे झरोके असले तरच, आणि ते पुरेसं नसतंच. त्या महिन्यांत पाण्याचं भांडं लहान ठेवा आणि ते गार टोकाला ठेवा, जमलं तर खोलीतला एसी दिवसातून काही तास ड्राय मोडवर चालवा. प्राणी तोंड उघडं ठेवून गार जागी बसतोय, नाकाशी बुडबुडे येतायत असं दिसलं तर वाट पाहू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. असा डॉक्टर कोण आणि किती लांब आहे, हेसुद्धा प्राणी आणण्याआधी शोधून ठेवा.

चाचणीच्या काळात एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून दोन तास थांबा. दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा पेटी किती वेळात किती गार होते ते समजतं. आपल्याकडच्या हवेत दोन-तीन तासांनी फारसं बिघडत नाही, पण दिवे टायमरवर असतील तर वीज आल्यावर टायमर मागे पडलेला असतो. माझा एकदा पडला होता, आणि खंडूला रात्री दोन वाजता सूर्य उगवलेला दिसला. तेव्हापासून बॅटरी असलेला डिजिटल टायमर वापरते.

प्राणी घरी आल्यावर पहिले दोन आठवडे त्याला फार हाताळू नका, फक्त बघा. दिवसभरात तो गरम टोकाला जातो, गार टोकाला जातो, मधे रेंगाळतो, असं चाललं असेल तर माप बरोबर आहे. एकाच टोकाला चिकटून राहिला तर तापमान तपासा. काचेवर सतत पंजे घासत असेल तर आधी काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसतंय का ते बघा, बाहेरून कागद लावून पाहा, आणि तरीही थांबलं नाही तर टेप काढा. शेपूट वाकवल्याशिवाय त्याला पूर्ण गोल फिरता येतंय का, हे आडव्या बाजूने मोजा. खंडूच्या नाकावरचा चट्टा नव्या घरात दोन काती टाकल्यावर भरून आला. त्या जागचे खवले अजून जरा फिकट आहेत.